मेंदूची नोंद आणि प्राण्याची हालचाल एका वेळेवर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

कोल्हापूर आणि आसपासच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, बायोमेडिकल किंवा कॉम्प्युटर शिकणाऱ्या मंडळींसाठी. कोणी पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत इंटर्नशिप करून येतं आणि येताना हार्ड डिस्क भरून डेटा आणतं. कोणी इंटरनेटवरचा खुला डेटा उतरवून प्रोजेक्ट करतं. एखाद्याला गाईड सांगतात, "सेटअप तूच उभा कर." तिघांचीही गाडी शेवटी एकाच ठिकाणी अडते: व्हिडिओतली ही फ्रेम आणि न्यूरॉनचा (मेंदूतल्या पेशीचा) हा स्पाइक, म्हणजे क्षणिक विद्युत ठोका, एकाच क्षणाचे आहेत, हे कशावरून?

दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं तर वेळ एकच असणार ना?

नाही. मेंदूची नोंद घेणाऱ्या यंत्राला स्वतःचं क्रिस्टल, म्हणजे घड्याळ चालवणारा भाग, असतो. ते यंत्र सेकंदाला साधारण ३०,००० नमुने घेतं आणि त्याच्या लेखी वेळ म्हणजे नमुन्यांची मोजणी. कॅमेऱ्यात दुसरं क्रिस्टल, मदरबोर्डवर तिसरं. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

त्यात फाइलवर जी वेळ पडते ती बऱ्याचदा प्रसंग घडला त्या क्षणाची नसतेच. डेटा यूएसबीतून आला, बफरमध्ये थांबला आणि मग प्रोग्रामच्या हाती लागला, त्या क्षणाची ती असते. हा उशीर ठरलेला असता तर वजा करून मोकळे झालो असतो. पण कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला की तो वाढतो, मोकळा झाला की कमी होतो. पायथनमध्ये फ्रेम वाचल्यावर लगेच वेळ छापून ठेवणारे पुष्कळ प्रोग्राम पाहिलेत. तो आकडा दिसायला मायक्रोसेकंदापर्यंत असतो, म्हणून त्यावर विश्वास बसतो. विश्वास ठेवू नका.

क्रिस्टल तर अचूक असतं. असा किती फरक पडणार?

हिशोब करून बघा. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत २० भाग धरली, तर एका तासात म्हणजे ३,६०० सेकंदांत ७२ मिलिसेकंद फरक पडतो. दुसऱ्या यंत्राचं क्रिस्टल उलट्या दिशेने तितकंच चुकत असेल तर १४४. सकाळी सुरू करून दुपारी थांबवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हा आकडा अर्ध्या सेकंदाच्या पुढे सहज जातो. शिवाय तापमान बदललं की क्रिस्टलची चालही किंचित बदलते, त्यामुळे फरक अगदी सरळ रेषेत वाढेल याचीही खात्री नाही.

मग दोन्हीकडे एकदम 'रेकॉर्ड' दाबायचं. सुरुवात जुळली की झालं, नाही का?

प्रभातने पहिला मराठी बोलपट १९३२ साली ज्या गावात काढला, त्या गावात क्लॅप म्हणजे काय ते सांगायला नको. चित्रात पाटी आपटलेली दिसते, आवाजात टक् ऐकू येतं, आणि संपादक दोन्ही तिथे जुळवतो. सिनेमात हे पुरतं, कारण शॉट छोटा असतो आणि ओठ दोन फ्रेम मागेपुढे हलले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. इथे 'शॉट' दोन तासांचा आणि मोजायचे मिलिसेकंद. सुरुवातीचा एक क्लॅप फक्त आरंभ जुळवतो. शेवटी दुसरा मारला तर मधला वेग कळतो. पण मध्येच काही फ्रेम गळाल्या असतील तर त्या कुठे गळाल्या, हे या दोन क्लॅपवरून समजत नाही. म्हणून क्लॅप रेकॉर्डिंगभर वाजत राहिला पाहिजे.

माऊस-क्लिकने एकदम सुरू करण्याबद्दल तर बोलायलाच नको. 'रेकॉर्ड' दाबल्यावर कॅमेरा खरोखर कधी सुरू झाला, हे कॅमेऱ्यालाच ठाऊक.

बरं, मग नेमकं करायचं काय?

घड्याळं एक करायच्या नादाला लागू नका. एकच सिग्नल तयार करा आणि तो सगळ्या यंत्रांत, रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत, डेटाच्या सोबतच नोंदवा. जुळवणी नंतर निवांत, कागदावर होते. या पानावरची बाकी सगळी उत्तरं याच एका गोष्टीच्या फांद्या आहेत.

प्रत्यक्षात असं: एक आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घ्या. त्याच्या एका पिनमधून अनियमित अंतराने पल्स, म्हणजे व्होल्टेजचे छोटे झटके, सोडा. ती पिन एकीकडे मेंदूची नोंद घेणाऱ्या यंत्राच्या डिजिटल इनपुटला जाते. इंटानच्या बोर्डावर, ओपन एफिसवर, न्यूरोपिक्सेल्सच्या सेटअपवर, अशा नोंद घेणाऱ्या नेहमीच्या यंत्रांत सगळीकडे त्याची सोय असते. दुसरीकडे तीच पिन कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसणारा एक एलईडी पेटवते. मायक्रोफोन असेल तर तिसरी वायर आवाजाच्या मोकळ्या चॅनेलला, योग्य रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करून. चाटण्याचा सेन्सर, पाण्याचा व्हॉल्व्ह, फिरत्या चाकाचा एनकोडर, जे जे म्हणून वेगळ्या यंत्रावर नोंदलं जातं त्या प्रत्येकात हाच पल्स गेला पाहिजे.

औद्योगिक दर्जाचा कॅमेरा असेल तर आणखी चांगली वाट आहे. असा कॅमेरा प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर चालू असताना एका पिनवर व्होल्टेज देतो. ती पिन थेट मेंदूच्या यंत्राला जोडली की प्रत्येक फ्रेमची वेळ मेंदूच्याच घड्याळात मिळते. उलटही करता येतं: बाहेरून ट्रिगर द्या आणि कॅमेरा त्या हुकमावर फ्रेम घेईल. मला पहिली पद्धत जास्त पटते. ट्रिगरची नोंद म्हणजे "फ्रेम घे" असं सांगितल्याची नोंद. एक्स्पोजर पिन म्हणजे फ्रेम घेतल्याची. आणि दोन्हींपैकी काहीही केलं तरी एलईडी चौकटीत ठेवाच. एक रुपयाचा दिवा आहे, आणि तो थेट चित्रातच असल्यामुळे फाइल कशीही फिरली तरी सोबत राहतो.

पल्स ठरावीक अंतराने का नको? दर सेकंदाला एक, सोपं पडतं.

सोपं पडतं आणि तिथेच फसवतं. दर सेकंदाला येणारे सगळे पल्स एकसारखे दिसतात. कॅमेरा उशिरा सुरू झाला किंवा सुरुवातीचा एक पल्स निसटला, तर अख्खी जुळवणी बरोबर एक सेकंदाने सरकते आणि आलेख तरीही सुरेख सरळ येतो. कोणालाही संशय येत नाही.

अंतर अनियमित ठेवलं, म्हणजे कधी ०.७ सेकंद, कधी २.३, कधी १.१, तर त्या अंतरांचा क्रम रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा तसाच सापडत नाही. दोन्ही फाइलींतले क्रम एकमेकांवर सरकवत गेलात की एकाच जागी चपखल बसतात. दुसरा मार्ग बारकोडचा: ठरावीक वेळाने एक चढता क्रमांक ३२ बिटांत, लहानमोठ्या पल्सच्या रूपात पाठवायचा. ओपन एफिस वापरणाऱ्यांत ही पद्धत रुळलेली आहे. तिचा फायदा असा की फाइल मधूनच उघडली तरी आपण कुठे आहोत ते लगेच कळतं. पण सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एलईडीवरून बारकोड वाचायचा असेल तर प्रत्येक बिट निदान तीनचार फ्रेम टिकेल एवढा लांब करा. पहिल्यांदाच करत असाल तर अनियमित पल्स पुरेत.

आर्डुइनोचं घड्याळ भिकार असतं म्हणतात. ते चालेल?

घड्याळ भिकारच आहे. आर्डुइनो ऊनोच्या मुख्य चिपला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्याची मुभा अर्ध्या टक्क्यापर्यंत आहे, म्हणजे वाईटात वाईट धरलं तर तासाला १८ सेकंद. म्हणून आर्डुइनोने स्वतः छापलेली वेळ पुरावा म्हणून कधीही वापरू नका.

पण पल्स द्यायला तोच आर्डुइनो उत्तम चालतो. पल्स नेमका कधी निघाला याला महत्त्वच नाही. तो एकच पल्स दोन्हीकडे एकदमच पोचला, एवढं पुरे. वायरीतून जायला लागणारा वेळ आपल्या कामासाठी शून्य धरायचा.

किती अचूकता लागते? स्पाइक एक मिलिसेकंदाचा, म्हणजे कॅमेरा हजार फ्रेमचा हवा का?

या प्रश्नात दोन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. कॅमेरा किती वेगाने फोटो काढतो हे एक, आणि प्रत्येक फोटो नेमका कधी काढला हे आपल्याला किती नीट माहीत आहे हे दुसरं. ६० फ्रेमच्या कॅमेऱ्यात दोन फ्रेममध्ये १६.७ मिलिसेकंदांचं अंतर असतं, पण त्यातल्या प्रत्येक फ्रेमची वेळ एक मिलिसेकंदाच्या आत माहीत असू शकते. उलट हजार फ्रेमचा महागडा कॅमेरा घेतला आणि वेळ विंडोजवर सोडली तर पैसे रंकाळ्यात गेले असं समजा.

वेग ठरतो हालचालीवरून. उंदीर मिशा सेकंदाला ५ ते १२ वेळा पुढेमागे करतो आणि त्यातला प्रत्येक फटका नीट पाहायचा तर सेकंदाला काही शे फ्रेम लागतात. मोकळ्या पेटीत तो कुठे आहे एवढंच हवं असेल तर ३० पुष्कळ झाल्या.

वेळेची अचूकता ठरते प्रश्नावरून. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जागापेशींचं, म्हणजे प्लेस सेलचं आहे. जॉन ओ'कीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांनी १९७१ साली या पेशी दाखवल्या. ओ'कीफ यांना २०१४ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. उंदीर एका विशिष्ट जागी आला की हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातली विशिष्ट पेशी जोरात चालू होते. आता समजा उंदीर सरळ पट्टीवरून सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने धावतोय आणि तुमची जुळवणी १०० मिलिसेकंदांनी चुकली आहे. पेशीची जागा ५ सेंटिमीटर सरकलेली दिसेल. डावीकडून येताना एका बाजूला, उजवीकडून येताना दुसऱ्या बाजूला.

वाटेल की मग चूक पकडायला ही खूण छानच आहे. पण रॉबर्ट मुलर आणि जॉन क्युबी यांनी १९८९ साली दाखवलं की जागापेशी उंदराच्या आत्ताच्या जागेपेक्षा थोड्या पुढच्या जागेशी जास्त जुळतात, आणि हे 'पुढे' साधारण १२० मिलिसेकंदांचं आहे. म्हणजे मेंदूचा खरा गुणधर्म आणि तुमच्या केबलची गफलत एकाच मापाची! नुसता आलेख बघून यातलं काय कोणतं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वेळेचा स्वतंत्र पुरावा हाताशी असेल तरच त्या १२० मिलिसेकंदांबद्दल तोंड उघडावं.

थीटा लयीशी, म्हणजे हिप्पोकॅम्पसमधल्या सेकंदाला आठेक आवर्तनांच्या विद्युत लयीशी, काम असेल तर फास आणखी आवळतो. ८ हर्ट्झच्या थीटाचं एक आवर्तन १२५ मिलिसेकंदांचं. त्यात १० मिलिसेकंदांची चूक म्हणजे जवळपास २९ अंशांची. मात्र दिवसभरात उंदीर किती वेळ झोपला आणि तेव्हा मेंदूची लय कशी होती, एवढंच बघायचं असेल तर १०० मिलिसेकंदांसाठी रात्री जागवू नका.

माझ्याकडे साधा वेबकॅम आहे. काम होईल का?

होईल, पण त्याच्या खोडी माहीत हव्यात. पहिली खोड आपोआप एक्स्पोजरची. उंदरासाठी खोलीत मंद उजेड ठेवला की वेबकॅम प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो आणि ३० फ्रेमवरून गुपचूप १५ वर येतो. एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही हाताने ठरवून पक्के करा. दुसरी खोड फाइल लिहिण्याची. ओपनसीव्हीत (व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्राम-संचात) व्हिडिओ लिहिताना आपण फ्रेमदर सांगतो आणि ते बिचारं तोच छापतं, फ्रेम खरोखर कोणत्या दराने आल्या याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कॅमेऱ्याने सेकंदाला २४ दिल्या आणि तुम्ही ३० सांगितल्या असतील तर तासाचं रेकॉर्डिंग ४८ मिनिटांत संपतं आणि उंदीर तुरुतुरु पळताना दिसतो.

तिसरी खोड सरकत्या शटरची: चित्राच्या वरच्या आणि खालच्या ओळी एकाच क्षणाच्या नसतात. जागा शोधायला हे चालून जातं, मिशा मोजायला नाही.

एलईडी कुठे आणि कसा लावायचा?

चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे उंदीर कधी पोचणार नाही आणि शेपटीनेही झाकणार नाही अशा जागी. काळ्या कागदाच्या नळीत बसवा, नळीचं तोंड कॅमेऱ्याकडे. नाहीतर दिवा उंदरालाही दिसतो आणि दर लुकलुकीला तो मान वर करतो. मग उंदराची वागणूक राहते बाजूला आणि तुमच्या सिंकच्या, म्हणजे वेळ जुळवणाऱ्या, दिव्याला दिलेला प्रतिसादच नोंदला जातो. यासाठी ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी बरा, पण बहुतेक वेबकॅममध्ये इन्फ्रारेड अडवणारी काच असते. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. दिवा स्पष्ट दिसला नाही तर तुमच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिसत नाही.

एलईडीसोबत २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. दिवा इतका प्रखर नको की आजूबाजूचे पिक्सेल पांढरे पडतील. रेकॉर्डिंग झाल्यावर त्या कोपऱ्याचा दहाबारा पिक्सेलचा चौकोन घ्यायचा, प्रत्येक फ्रेममधली त्याची सरासरी उजळी काढायची आणि उंबरठा ओलांडला की पल्स धरायचा. मधूनमधून अर्धवट उजळलेली फ्रेम दिसेल. घाबरू नका, दिवा एक्स्पोजरच्या मध्येच पेटला एवढाच त्याचा अर्थ.

इथे अनियमित पल्सचा आणखी एक फायदा मिळतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका पल्सची वेळ ३३ मिलिसेकंदांच्या आत कुठेही असू शकते. पण शेकडो पल्स फ्रेमच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पडतात, त्यामुळे सगळ्यांतून एक रेषा काढली की तिची जागा एका फ्रेमपेक्षा बरीच बारीक ठरते. दिवा पेटल्यापासून तो फ्रेममध्ये दिसेपर्यंत सरासरी अर्ध्या फ्रेमचा उशीर असतो, तेवढा वजा करा.

डीपलॅबकट किंवा स्लीप वापरलं की वेळ आपोआप जुळते का?

नाही. २०१८ मध्ये आलेलं डीपलॅबकट आणि नंतरचं स्लीप ही साधनं कामाला झकास आहेत: नाक, कान, शेपटीचं मूळ कुठे आहे ते फ्रेममागून फ्रेम सांगतात. पण त्यांच्या लेखी फ्रेमला क्रमांक असतो, वेळ नसते. ४,५१२ वी फ्रेम कधीची, हे तुम्हीच सांगायचं. बोन्साय हा प्रोग्राम मात्र वेगळा. त्यात कॅमेरा, आर्डुइनो आणि इतर प्रवाह एकत्र नोंदवायची सोय आहे. तरीही ते ज्या कॉम्प्युटरवर चालतं त्याचेच गुणदोष त्याला लागू, म्हणून पल्स हवाच.

मेंदूच्या फाइलीत २,१६,००० फ्रेम-पल्स आहेत आणि व्हिडिओत २,१५,९८८ फ्रेम. आता?

६० फ्रेमने तासाभराचं रेकॉर्डिंग, १२ फ्रेम गळाल्या. सगळ्यात मोठा मोह म्हणजे व्हिडिओ थोडा ताणून दोन्ही टोकं जुळवणं. तसं करू नका. त्या १२ फ्रेम एकाच झटक्यात गेल्या असतील तर त्याआधीचं आणि त्यानंतरचं सगळंच थोडंथोडं चुकीचं होईल.

कॅमेरा प्रत्येक फ्रेमसोबत स्वतःचा क्रमांक देत असेल तर तो साठवायला सुरुवातीपासूनच सांगा. मग क्रमांकात उडी दिसली की जागा सापडली. क्रमांक नसेल तर एलईडी कामाला येतो. दोन पल्समधलं अंतर मेंदूच्या यंत्रात १.४ सेकंद म्हणजे ८४ फ्रेमचं आहे आणि व्हिडिओत ७२ फ्रेमच भरतात, तर त्या तुकड्यातच १२ गळाल्या. आणि एक: कॅमेरा आधी सुरू होऊन फाइल नंतर उघडली गेली की सुरुवातीचे काही पल्स फाइलीबाहेरचे असतात. त्यांना गळालेल्या फ्रेम समजू नका.

गळती मुळातच थांबवायची तर यूएसबी हबवर दोन कॅमेरे लावणं बंद करा, आणि व्हिडिओ लिहायला भरत आलेली जुनी हार्ड डिस्क न वापरता एसएसडी घ्या.

जुळवणीचं गणित अवघड आहे का?

दहावीचं आहे. व्हिडिओतल्या पल्सच्या वेळा आडव्या अक्षावर, मेंदूच्या यंत्रातल्या त्याच पल्सच्या वेळा उभ्या अक्षावर. बिंदूंतून रेषा काढा. तिचा चढ म्हणजे दोन घड्याळांच्या वेगाचं गुणोत्तर, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो सुरुवातीचा फरक. यापुढे व्हिडिओतली कोणतीही वेळ त्या समीकरणात टाकली की मेंदूच्या घड्याळातली वेळ मिळते. नेहमी धीम्या घड्याळाकडून वेगवान घड्याळाकडे जा. ३०,००० नमुन्यांचं घड्याळ मूळ माना.

चढ १.००००३ आला तर सगळं ठीक, क्रिस्टलचा तेवढा फरक असतोच. चढ १.००१ आला तर शोधाशोध नको: तुम्ही ३० फ्रेम धरल्यात आणि कॅमेरा २९.९७ ने चालतोय. टीव्हीच्या जमान्यातला हा आकडा अजून पिच्छा सोडत नाही.

जुळलंय हे कशावरून समजायचं?

रेषेपासून प्रत्येक बिंदू किती लांब आहे ते काढा आणि वेळेप्रमाणे मांडा. हा आलेख मी मूळ आलेखापेक्षा आधी बघतो. बिंदू शून्याभोवती अर्ध्या फ्रेमच्या आत विखुरलेले असतील तर ठीक. मध्येच पायरी दिसली, आणि ती एका फ्रेमच्या पटीत असली, तर तिथे फ्रेम गळाली. हळूवार कमान दिसली तर तापमानाने घड्याळाची चाल बदलली. मग एका रेषेऐवजी पल्स ते पल्स असे तुकडे जोडा.

पण यातून फक्त पल्स पल्सशी जुळले हे सिद्ध होतं. कॅमेऱ्याची वायर भलत्याच चॅनेलला गेली असेल किंवा प्रोग्रामने वेळ दोनदा वजा केली असेल तर हे सगळं नीटच दिसेल. म्हणून प्राण्याशिवाय एक चाचणी करा. प्रोब (मेंदूत जाणारी इलेक्ट्रोडची सुई) मिठाच्या पाण्यात बुडवा, हेडस्टेज (प्रोबला जोडलेला छोटा ॲम्प्लिफायर) कॅमेऱ्यासमोर धरा आणि पेन्सिलीने टकटक करा. प्रत्येक टकटकीचा धक्का मेंदूच्या चॅनेलमध्ये दिसतो आणि पेन्सिल टेकलेली फ्रेमही दिसते. सगळी साखळी पार करून आल्यावर हे दोन एकमेकांच्या एका फ्रेमच्या आत पडले पाहिजेत. दहा मिनिटांचं काम आहे, सेटअपमधली एकही वायर हलवली की पुन्हा करायचं.

सिंकची वायर जोडली आणि मेंदूच्या चॅनेलमध्ये खरखर सुरू झाली.

आर्डुइनो एका सॉकेटवर, मेंदूचं यंत्र दुसऱ्यावर, आणि दोघांची अर्थिंग सिंकच्या वायरीतून जोडली गेली की ५० हर्ट्झची गुणगुण आलीच. मधे ऑप्टोकपलर टाका, म्हणजे सिग्नल वायरीऐवजी प्रकाशातून पलीकडे जातो. साधा पीसी८१७ सुद्धा काही मायक्रोसेकंदच उशीर करतो, तेवढा आपल्याला खपतो. खरखर ५० हर्ट्झची नसून नेमक्या पल्सच्या कडेवर टोक दिसत असेल, तर वायर हेडस्टेजच्या केबलला चिकटून गेली आहे. दोन्ही वेगवेगळ्या वाटेने न्या. हे टोक स्पाइकसारखं दिसतं आणि स्पाइक पेशीनिहाय वेगळे करणाऱ्या प्रोग्रामला ते न्यूरॉन वाटतं. दर एलईडीला न चुकता बोलणारा 'न्यूरॉन' सापडला तर पेढे वाटू नका.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: त्याची पिन ३.३ व्होल्टची असते. आर्डुइनो ऊनोचे ५ व्होल्ट थेट दिलेत तर पिन जळते. १ आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरनी व्होल्टेज विभागून द्या.

पावसाळ्यात लाईट सारखी जाते. यूपीएस पुरे का?

कॅमेरा, कॉम्प्युटर, आर्डुइनो आणि मेंदूचं यंत्र, चारही यूपीएसवर ठेवा. तीन ठेवून चौथं विसरलं की रेकॉर्डिंग चालू राहतं आणि सिंक मात्र थांबतो. स्वस्तातल्या यूपीएसची लाट बॅटरीवर गेल्यावर खडबडीत होते आणि तेवढ्या तुकड्यात गोंगाट वाढतो, म्हणून लाईट गेल्याची वेळ वहीत लिहा. गणपतीच्या दिवसांत वागणुकीचे प्रयोग ठेवूच नयेत असं माझं मत आहे. डॉल्बीने खिडक्या थरथरतात तिथे उंदराने काय करावं?

पेट्या, चक्रव्यूह वगैरे कुठून करून घ्यायचे?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात. नीट मापं आणि नकाशा दिला तर ॲक्रिलिक असो की पत्रा, काम चोख होतं. फक्त चकचकीत पृष्ठभाग टाळा, कारण त्यात एलईडीचं आणि उंदराचं प्रतिबिंब पडतं आणि डीपलॅबकटला दोन नाकं दिसतात. घासून मॅट केलेलं घ्या.

स्पाइकऐवजी कॅल्शियम इमेजिंग असेल तर?

तत्त्व तेच. इथे पेशी चालू झाली की तिची चमक वाढते आणि ती सूक्ष्मदर्शीने टिपतात. मेंदूचा सूक्ष्मदर्शीही कॅमेराच आहे, तेव्हा त्याच्या प्रत्येक फ्रेमचा पल्सही नोंदवा. कॅल्शियमचा संकेत स्वतःच धीमा असतो, म्हणून मिलिसेकंदांची फिकीर कमी. पण घड्याळांची तफावत तासागणिक साचत जाते, ती इथेही साचणारच.

नेटवर्कवरून घड्याळं जुळवता येतात ना?

एनटीपी आणि पीटीपी या नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धती. एनटीपी स्थानिक नेटवर्कवर मिलिसेकंदाच्या आसपास पोचतं, पीटीपीला योग्य हार्डवेअर मिळालं तर मायक्रोसेकंदाच्या आत. लॅब स्ट्रीमिंग लेयर अनेक कॉम्प्युटरांचे प्रवाह एकत्र बांधतं आणि मानवी ईईजीवाल्यांत लोकप्रिय आहे. ही सगळी साधनं कॉम्प्युटरची घड्याळं जुळवतात. कॅमेऱ्याच्या आत फ्रेम कधी घेतली, ते त्यांना सहसा दिसत नाही.

आमच्याकडे ना उंदीर ना प्रोब. खुला डेटा वापरला तर ही कटकट टळते का?

बरीचशी टळते. डँडी या संग्रहात एनडब्ल्यूबी (मेंदूच्या डेटासाठीचं सामाईक फाइल-स्वरूप) स्वरूपातला डेटा मिळतो आणि त्यात वागणूक व स्पाइक सहसा एकाच वेळेवर आणून ठेवलेले असतात. इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरीचा डेटा शिकायला फार चांगला: एकाच उंदरावर तीन कॅमेरे, ६०, १५० आणि ३० फ्रेमचे, आणि तिन्हींच्या वेळा स्वतंत्र दिलेल्या. तिथे फ्रेम क्रमांकाला दराने भागून वेळ काढायचा आळस करू नका, दिलेल्या वेळांची फाइल वापरा. जुन्या डेटात विचित्र आकडे भेटतात. उंदराची जागा सेकंदाला ३९.०६ वेळा नोंदलेली दिसली तर २०,००० ला ५१२ ने भागून बघा. जागेची नोंद मेंदूच्याच घड्याळावर बसवली आहे हे लगेच कळेल.

परवानगी लागते का?

लागते. उंदरावरचा प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही, आणि संस्थेची नोंदणी केंद्राच्या समितीकडे असावी लागते. हे सगळं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतं. "आम्ही फक्त व्हिडिओ घेणार" असं असलं तरी आधी समितीला विचारा. वर सांगितलेली सगळी तयारी, एलईडीपासून मिठाच्या पाण्यातल्या टकटकीपर्यंत, प्राणी न आणता पूर्ण होते. ती झाल्यावरच अर्ज करा.

मदत मागायची असेल तर काय पाठवू?

मूळ व्हिडिओ, कॅमेऱ्यातून आला तसा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला नको, त्यात फ्रेमची वाट लागते. डिजिटल चॅनेलची फाइल, आर्डुइनोचा प्रोग्राम आणि कोणती वायर कुठून कुठे गेली त्याचा वहीतल्या पानाचा फोटो. पूर्ण रेकॉर्डिंग नको, पहिली आणि शेवटची पाच मिनिटं पुरतात. जिथे गडबड वाटते ती वेळ कोणत्या घड्याळातली, तेवढं मात्र लिहा.